नात्यातलं घर

शिवकन्याच्या आईने लेकीच्या नोकरीचं कौतुक कधी केलं नव्हतं. ते तिने पहिल्यांदा केलं त्या रविवारी दुपारी, जेवताना.

शांतम्मा आदल्या दिवशी लातूरजवळच्या मुरूडला बारशाला जाऊन आली होती. बारशाला गेलेली बाई पाळण्यातल्या पोराचं नाव विसरेल, पण गावातली खबर विसरायची नाही. लेकीच्या ताटात भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "पार्वतम्माच्या घरचं कळलं बरं का. तुझी ती पोरगी, पुनम. गुरुवारी अक्षता हायत. अमरेशलाच देऊन राहिलेत. लई चांगलं केलंस बघ तू. बिनमायचं लेकरू मामाच्याच पदरात पडलं. तुझ्या त्या नोकरीत एवढं नीट काम आजवर कवा झालं नव्हतं."

पुनम नववीत होती. चौदा वर्षांची. आणि तिला मुरूडला मामाच्या घरी नेऊन ठेवणारी बाई दुसरी कुणी नव्हती, शिवकन्याच होती.

शिवकन्या लातूरच्या बाल संरक्षण कक्षात कामाला होती. ज्या लेकरांना घरात मार बसतो, ज्यांना घरच उरलेलं नाही, त्यांची चौकशी करायची. त्यांना कुठं ठेवावं ते बाल कल्याण समितीला सुचवायचं. आणि ठेवल्यावर भेटी देत राहायच्या, असं तिचं काम. आईच्या भाषेत हे लोकांच्या घरात नाक खुपसायचं काम होतं. शिवकन्याला मात्र आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवायचं तिला फारसं जमत नसे.

पुनमची आई काविळीने गेली. बाप सिद्धलिंग डाळमिलमध्ये कामाला होता. बायको होती तोवर तो शनिवारी प्यायचा, ती गेल्यावर त्याला सगळे वार सारखेच झाले. पोरीच्या पाठीवरचे पट्ट्याचे वळ शाळेतल्या बाईंनी पाहिले, कक्षाला फोन केला, आणि पुनम मुलींच्या बालगृहात आली. तिथं तिला कुणी मारत नव्हतं. पण तिथं तिच्या डोक्याला तेल लावणारंही कुणी नव्हतं. ती बोलायची बंद झाली होती. कुणी हाक मारली की आधी हात डोक्यावर धरायची, मग वळून बघायची.

त्याच सुमारास शिवकन्या नांदेडला प्रशिक्षणाला जाऊन आली. पुण्याहून आलेल्या बाई फार छान बोलल्या. हजारो मुलांचा अभ्यास झालाय, त्या म्हणाल्या. लेकरू संस्थेत वाढण्यापेक्षा घरात वाढलं तर सावरतं, आणि घर नात्यातलं असेल तर त्याहून बरं. आधी मुलाशी बोला. त्याच्यासोबत बसून त्याच्या माणसांचं झाड काढा. त्या झाडावर कुणाचं नाव काढलं की लेकराचा चेहरा उजळतो ते बघा. शिवकन्याला हे मनापासून पटलं, आणि ते खरंही होतं. ती परत आली ती थेट बालगृहात गेली, पुनमच्या पुढ्यात रंगीत खडू ठेवले. पुनमने एकच फांदी नीट काढली. आज्जीची. तिच्या शेजारी अमरेशमामा, आणि मामाच्या हातात सायकल.

समितीत किशनराव म्हणून एक जुने सदस्य होते, निवृत्त मास्तर. ते कुरकुरले. "मॅडम, पोरगी हितं सुखरूप हाय. वाढत्या वयाची पोर कशाला हलवायची?" शिवकन्याने त्यांना अभ्यासातले दाखले असे काही ऐकवले की बिचारे चष्मा पुसत बसले. घराची पाहणी तिने स्वतः केली होती. पक्कं घर, नळ, संडास. आजी धडधाकट. मामा निर्व्यसनी, स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान, शेजारीपाजारी नाव चांगलं. पाहणीच्या प्रश्नावलीत असावं ते सगळं होतं. मामाचं लग्न झालंय का, हा प्रश्न मात्र त्यात नव्हता. ती प्रश्नावली जिथं कुठं तयार झाली तिथं मामा हा नुसता मामा असतो. लातूरकडच्या लिंगायत घरांत भाचीशी लग्नाचा पहिला हक्क मामाचा असतो. हे पुण्याच्या बाईंना माहीत असायचं कारण नव्हतं. शिवकन्याला ते पुरतं माहीत होतं. तिची स्वतःची आई तिच्या सख्ख्या मामाला दिलेली होती. शिवकन्याचे वडील म्हणजे नात्याने आईचे मामा. लहानपणापासून घरातच असलेली गोष्ट होती ती, रोजच्या उंबरठ्यासारखी. उंबऱ्याकडे कोण बघत बसतं?

पुनमला पोचवायला गेली त्या दिवशी शिवकन्याने पार्वतम्माकडून शब्द घेतला. प्रशिक्षणात तसंच सांगितलं होतं. लेकराला एका घरातून दुसऱ्या घरात सारखं हलवणं सगळ्यात वाईट, म्हणून घर कायमचं असेल याची खात्री करून घ्या. "आज्जी," ती म्हणाली, "हिला आता पुन्हा कुठं जावं लागू नये. तुम्ही असा शब्द द्या." म्हातारीने गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाली, "ही माझ्या लेकीची खूण हाय. माझ्या जिवात जीव हाय तवर आन् मी मेल्यावर बी, ही ह्या घरातून जानार न्हाई." शिवकन्याचे डोळे भरून आले. पुनम आजीच्या पदराआडून बघत होती, आणि तिचे हात डोक्यावर नव्हते.

पहिल्या भेटीला गेली तेव्हा पुनमच्या गालावर मांस चढलं होतं. वेण्या घट्ट, तेलाने चकचकीत. शाळेत नाव घातलेलं. मामा दुकानातून सुटला की तिला सायकलवर पुढं बसवून बाजाराला नेतो म्हणे. शिवकन्याने तिला एकटीला परसात नेऊन विचारलं, कुणी मारतं का, कुणाची भीती वाटते का. पुनम हसून म्हणाली, "न्हाई वो ताई. लई बरं हाय हितं." शिवकन्या इतकी खूश झाली की परतताना तिने एसटी स्टँडवर स्वतःसाठी भजी घेतली.

दुसऱ्या भेटीला ती दुपारच्या वेळी पोचली. अमरेश जेवून हात धुवायला उठला, आणि पार्वतम्माने त्याच ताटात भाकरी मोडून वाढली, पुनमला त्याच पाटावर बसवलं. पुनम खाली मान घालून जेवली. शिवकन्या समोर चहा पीत बसली होती आणि तिला फार ऊब वाटली. तिची आई अशीच तर जेवायची, वडील उठले की त्यांच्याच ताटात. तिला आपल्या घरात बसल्यागत वाटलं. बायको नवऱ्याच्या ताटात जेवते; भाची मामाच्या ताटात कशाला जेवेल? पण हा प्रश्न तिला पडलाच नाही. त्या दिवशीच्या टिपणात तिने लिहिलं, मूल घरात चांगलं रुळलं आहे. त्यानंतर कक्षातली सगळी माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली आणि पुढची भेट लांबली.

आता रविवारच्या ताटावर बसून ते सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिला स्वतःची इतकी चीड आली की हातातली भाकरी तिने परत ताटात टाकली.

"काय झालं गं?" शांतम्मा म्हणाली. "मी बी चौदाचीच व्हते की. काय वाईट झालं माजं?"

शिवकन्याने उठून हात धुतले आणि फोन लावायला सुरुवात केली. साहेबांना, मुरूडच्या ग्रामसेवकांना, पोलीस ठाण्याला. ऊन उतरायच्या आत कक्षाची जीप मुरूडच्या वेशीत होती.

पार्वतम्माच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ओसरीवर चार बाया शेवया वळत होत्या. जीपमधून शिवकन्या उतरली तशी म्हातारी हात झटकत उठली, तोंडभर हसली. "शरणार्थ मॅडम. बरं झालं आलात. उद्या अमरेश तुमालाच पत्रिका द्यायला येनार व्हता. पयली अक्षता तुमची." मागून महिला पोलीस उतरली, ग्रामसेवक मोटारसायकल लावून आले, आणि म्हातारीचं हसू विरलं. शेवया वळणाऱ्या बाया एकेक करून भिंतीकडून निघून गेल्या.

"आज्जी, हे लग्न होणार नाही," शिवकन्या म्हणाली.

"कामून?"

"ती चौदाची आहे. कायद्यानं गुन्हा आहे हा. तुमच्यावर, अमरेशवर केस होईल."

म्हातारी घाबरली नाही. घाबरली असती तर शिवकन्याला सोपं गेलं असतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात बोलली, जसं एखाद्या समजूतदार माणसाशी बोलावं. "शब्द कुनी घेतला माझ्याकडून? तुमीच नव्हं? लिंग हातात घिऊन म्या बोलले, पोरीला ह्या घरातून जाऊ देनार न्हाई. आता मी किती दिसाची? उद्या अमरेशनं परक्याची लेक करून आनली. ती ठिवंल व्हय ननंदेच्या पोरीला? आज न्हाई तर उद्या भाईर काढंल. मग पोरगी कुठं जाईल, त्या बापाकडं? रात रात इचार केला म्या. हिला ह्या घरची सून केली की मग हिला कुनाचा बाप बी भाईर काढू शकत न्हाई. आता तुमीच सांगा, माझ्यासारख्या बाईला दुसरा कंचा रस्ता व्हता?"

शिवकन्याला सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. शाळा, वय, अंगावर लवकर आलेलं बाळंतपण, कायदा. पण म्हातारीने विचारलेल्या प्रश्नाला त्यातलं एकही उत्तर नव्हतं.

अमरेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. हाताला अजून सायकलच्या साखळीचं काळं लागलेलं. "म्या नको म्हनलो व्हतो," तो खाली बघत म्हणाला. "हिला कडंवर घिऊन फिरलोय मॅडम मी. पन आईनं अन्न सोडलं. मग काय करू?"

"गप," म्हातारी म्हणाली, आणि तो गप्प झाला.

शिवकन्या पुनमला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. पुनमच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला होता. ती दाण्याच्या कणगीला पाठ लावून उभी राहिली.

"पुनम, तुला हे लग्न करायचंय?"

"मला हितं राहायचंय."

"मी लग्नाचं विचारतेय, बाळा."

"हाव, मी बी तेच सांगून राहिले," पुनम म्हणाली. "आज्जी म्हनली, लगीन झालं की मग सरकारचं मानूस न्यायला येनार न्हाई. तुमी बी येनार न्हाई."

शिवकन्या खाली बसली. तिला विचारावं लागलं, "आणि मामा?"

पुनम चुडा वरखाली करत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं, आणि एवढ्या महिन्यांत शिवकन्याने तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. "मामा आता बोलतच न्हाई माझ्यासंगं. मी आले की भाईर जातो. सायकलवर नेत न्हाई. आज्जी म्हनती, आता त्याला मामा म्हनायचं न्हाई. शाळा बी सोडली म्या, मागल्या महिन्यात." नाक पुसून ती लगेच पुढं म्हणाली, "पन चालतंय मला. ताई, खरंच चालतंय. मी करते लगीन. मला फकस्त तिकडं नेऊ नका."

दाराबाहेर ग्रामसेवक थांबलेच होते. भला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, असं करू. आजीकडून, अमरेशकडून हमीपत्र लिहून घेऊ, अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही म्हणून. पोरगी इथंच राहू द्या. एवढी रडून राहिली. कशाला नेता?"

शिवकन्याला तसंच करायचं होतं. देवाशपथ, तिला दुसरं काहीच करायचं नव्हतं. सही घ्यायची, जीपमध्ये बसायचं, पोरीला आजीच्या पदराला राहू द्यायचं. पण अशी हमीपत्रं तिने पूर्वी पाहिली होती, आणि ती दिल्यानंतर काय होतं तेही. मांडव मोडतो, पाहुणे पांगतात, आणि पुढच्या आठवड्यात दूरच्या एखाद्या मठात, पाचच माणसांत, गुपचूप अक्षता पडतात. हमी देणाऱ्याची नियत खोटी असते असं नाही. आजीची नियत तर सोन्यासारखी होती. म्हणूनच ती थांबणार नव्हती.

"पुनमचे कपडे भरा," ती म्हणाली.

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. पुनमने कणगीला मिठी मारली. महिला पोलीस आणि शिवकन्या दोघींनी मिळून तिचे हात सोडवले, त्यात चार बांगड्या फुटल्या आणि शिवकन्याच्या मनगटात काच गेली. अमरेश अंगणात आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारीने कपड्यांची पिशवी भरली. तिने शाप दिला नाही की हात जोडले नाहीत. जीपच्या खिडकीतून तिने पिशवी आत दिली आणि शिवकन्याला विचारलं, "ह्याच्यात तेलाची बाटली ठिवली हाय. लावू देत्याल का तिथं?"

"हो," शिवकन्या म्हणाली.

लातूरला बालगृहाच्या फाटकात जीप थांबली तेव्हा शिवकन्याने तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि पुनमचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले.

समितीपुढं शिवकन्याने काहीच लपवलं नाही. घर मी सुचवलं, खुणा मला दिसल्या होत्या, मला त्या ओळखता आल्या नाहीत, असं तिने सरळ सांगितलं. किशनराव तिला टोमणा मारतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "माझी आई बी मामालाच दिलेली व्हती. मलाही सुचलं न्हाई बघा." त्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्रश्नावलीत मामाच्या लग्नाचा तो एक प्रश्न घालून घेतला. पुनमला त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढं शिवकन्या बालगृहात जात राहिली. पुनम तिला बघून दुसऱ्या खोलीत जायची. शाळेत जात होती, जेवत होती, मुलींमध्ये बसत होती. शिवकन्याशी मात्र तिने तोंड उघडलं नाही. शिवकन्याने धीर धरायचा ठरवला. लेकराचा विश्वास एकदा गेला की तो आपल्या सवडीने परत येत नाही, हे तिला नांदेडला कुणी शिकवलं नव्हतं. ते ती आता शिकत होती, आणि फार जड जात होतं.

तुरी निघायच्या दिवसांत शांतम्माने पुन्हा मुरूडची खबर आणली. अमरेशचं लग्न झालं. पार्वतम्माने मांडवाचे बांबू परत दिलेच नव्हते. निलंग्याकडची एक मुलगी पाहिली आणि थोडक्यात उरकून घेतलं. शिवकन्या ऐकून खुर्चीत मागं टेकली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. अमरेशचं लग्न झालं म्हणजे पुनमवरचं सावट गेलं. आता आजीची भेट घालता येईल. हळूहळू सणावाराला मुरूडला नेता येईल. समितीला कसं सांगायचं ते ती रस्ताभर मनात जुळवत बालगृहात गेली.

पुनम आणखी दोघींबरोबर व्हरांड्यात मेथी निवडत होती. शिवकन्याला बघून ती उठायला लागली.

"थांब गं, एक चांगली बातमी आहे," शिवकन्या घाईने म्हणाली. "अमरेशमामाचं लग्न झालं. निलंग्याकडची मुलगी केली. आता तुला काही भीती नाही. आज्जीला भेटायला बोलावू आपण. तुला भेटायचंय ना आज्जीला?"

पुनम परत खाली बसली. हातातली जुडी तिने मांडीवर ठेवली, आणि मुरूडहून आणल्यानंतर पहिल्यांदाच शिवकन्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"ती कितवीला व्हती?" तिने विचारलं.

"कोण?"

"मामी."

शिवकन्याने आईला मुलीचं गाव विचारलं होतं. घराणं विचारलं होतं, आणि जेवणावळ कुणी केली तेही. हे तिने विचारलं नव्हतं. पुनम मेथीवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होती.